प्रथमदर्शन आणि पारख

माणसाविषयी पहिले मत कसे बनते व ते पुढे कशाने बदलते, हा विषय आज मानसशास्त्रात शिकविला जातो. परंतु त्याची बारकाईने केलेली चर्चा संयुत्तनिकायातील कोसलसंयुत्तात आहे. विद्यार्थ्यांनी तो प्रसंग मुळातून वाचावा म्हणून येथे थोडक्यात देत आहोत.

स्थळ श्रावस्तीचा पूर्वाराम, विशाखेने बांधून दिलेला विहार. सायंकाळी भगवान द्वाराबाहेर बसले असता कोसलनरेश पसेनदी भेटीस आला. इतक्यात जवळून सात जटिल, सात निगंठ, सात अचेलक, सात एकवस्त्रधारी व सात परिव्राजक चालले होते. नखे व केस वाढलेले, सोबत सामानाचे ओझे. राजा उठला, उपरणे एका खांद्यावर घेतले, उजवा गुडघा जमिनीस टेकला आणि हात जोडून तीनदा आपले नाव सांगितले. ते दूर गेल्यावर त्याने विचारले, जगात जे अर्हंत आहेत त्यांत यांची गणना व्हावी ना?

भगवंतांनी होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. मुलाबाळांत, चंदनात, सोन्यारुप्यात वावरणाऱ्या गृहस्थाला हे ओळखणे कठीण, असे सांगून त्यांनी चार कसोट्या दिल्या. शील सहवासाने कळते, सचोटी व्यवहाराने, मनाचे बळ संकटात आणि प्रज्ञा चर्चेने. प्रत्येक कसोटीला अट एकच : थोड्या काळात नव्हे, दीर्घ काळाने, आणि तेही लक्ष देणाऱ्याला व समज असणाऱ्यालाच.

तेव्हा राजाने खरे सांगितले. ते पस्तीसही जण त्याचेच हेर होते. देशाची खबर काढून परतले होते; आता धूळ धुऊन, दाढी-केस नीट करून, पांढरी वस्त्रे नेसून सुखोपभोग घेणार होते. राजाने आपल्याच पदरच्या माणसांपुढे गुडघा टेकला होता! हे परीक्षा पाहण्यासाठी की अंगवळणी पडले म्हणून, हे वाचकांनी ठरवावे.

व्यवहाराची कसोटी आम्हां बँकेत काम करणाऱ्यांना जवळची वाटते. पूर्वी खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख लागे. आमच्या पाहण्यातल्या अर्जांत ‘किती वर्षांपासून ओळखता’ असा रकाना असे. रकाना योग्यच होता. भरणारा मात्र काउंटरवर उभ्या उभ्या तो भरीत असे.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1946 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे जोडून पाहावा. एका गटाला अनोळखी माणसाचे वर्णन ‘बुद्धिमान, कष्टाळू’ येथून सुरू करून ‘हट्टी, मत्सरी’ येथे संपविले. दुसऱ्या गटाला तेच सहा शब्द उलट क्रमाने दिले. पहिल्या गटाला माणूस कर्तबगार पण काही दोष असलेला वाटला. दुसऱ्याला दोषांमुळे गुण वाया गेलेला. शब्द तेच होते, पहिला तेवढा वेगळा.

आपल्या मुलांच्या बाबतीत तो पहिला शब्द म्हणजे आडनाव, नाहीतर वस्तीचा पत्ता. ‘कोट्यातून आला’ हे मत माणूस टेबलाशी येण्याआधीच येऊन बसलेले असते. ते काळाने आपोआप बदलते असे म्हणतात, ते आम्हांस पटत नाही. शेजारच्या खुर्चीवर वीस वर्षे बसून डबा वेगळा खाल्ला तर तो सहवास नव्हे. ज्याला विचार करावा लागेल अशी फाईल कधी दिलीच नाही, त्याची प्रज्ञा कोणत्या चर्चेत दिसणार? कसोटीलाच उभे न करता निकाल कायम ठेवणे, ही प्रथमदर्शनाची सर्वांत टिकाऊ तऱ्हा होय.

आणि हे बाहेरच घडते असे नाही. आपल्या मंडळांतही पहिल्या सभेत फर्डे बोलणाऱ्याच्या हाती पावतीपुस्तक लवकर जाते. सतरंज्या घालणाऱ्या मुलाचे नाव वर्षभर कोणी विचारीत नाही. वर्षअखेरीस हिशेब कोणाचा जुळतो, हे जुने खजिनदार सांगू शकतील.