घरच्या गाण्याचा ठेका सुधारायचा, तर पैसे कुठे घालावेत?

घरी स्वतःची गाणी रेकॉर्ड करणाऱ्या पुष्कळांची चाल चांगली असते, शब्द चांगले असतात, गळाही तयार असतो. तरी ऐकणारा दुसऱ्या कडव्याच्या आत गाणं बंद करतो. का, असं विचारलं तर त्यालाही धड सांगता येत नाही. 'जरा सपाट वाटतंय,' एवढंच म्हणतो. हे सपाटपण बहुतेक वेळा ड्रम्सच्या ट्रॅकमध्ये असतं. मग लोक महागडी साउंड लायब्ररी विकत घेतात किंवा चांगल्या इंजिनिअरकडून मिक्सिंग करून घेतात, आणि दोन्हींनी फारसा फरक पडत नाही. माझं मत असं की पहिले पैसे जाणकार कानावर खर्च करावेत, दुसरे वाजवणाऱ्या हातावर, आणि उरले तरच सॉफ्टवेअरवर. पुढचे स्थानिक दर पुण्या-मुंबईकडचे आणि ढोबळ आहेत. नुसता अंदाज बांधायला ते पुरतील, पण बोलणी करताना ज्याचा त्याला भाव विचारावा.

सुरुवात फुकटच्या अभिप्रायाने करा. मित्राला 'कसं वाटलं?' विचारलंत तर 'मस्त!' हेच उत्तर येणार. त्यापेक्षा असं विचारा: लक्ष नेमकं कधी उडालं? पाय ताल धरायला कधी लागला आणि कधी थांबला? उत्तर मिनिट-सेकंदासह लिहून मागा. तुमची स्वतःची शंका आधी बोलून दाखवू नका, नाहीतर समोरचा तीच ऐकायला बसतो. दोघातिघांनी एकमेकांशी न बोलता एकाच जागेवर बोट ठेवलं, तर तिथे काम आहे हे नक्की. तुमचं गाणं एखाद्या प्रसिद्ध गाण्याशेजारी ठेवून ऐकवणार असाल तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करा, कारण मोठ्याने वाजणारं गाणं कानाला उगाचच सरस वाटतं. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या पातळीवर आणून वाजवतं. तीच पातळी धरायला यूलीन लाउडनेस मीटरची फुकट आवृत्ती पुरते.

त्यानंतर एकदा पैसे देऊन ऐकवा. रोज स्टेजवर वाजवणारा ड्रमर, रिदम अरेंज करणारा माणूस किंवा मिक्सिंग इंजिनिअर, यांपैकी एकाचा तासभर घ्या. ५०० ते १,५०० रुपयांत हे होतं. त्याला पूर्ण गाण्याची एक फाइल द्या आणि नुसत्या ड्रम्सची वेगळी द्या. एकट्या ड्रम्समध्ये ज्या खोटी कानात भरतात, त्या गिटार आणि गळ्याखाली झाकून जातात. इंजिनिअरला विचारायचा प्रश्न एकच: 'मिक्सला घ्यायच्या आधी यात काय बदलून आणायला सांगाल?' मिक्सिंगचं काम त्यालाच देणार असाल तर बरेचजण या तासाचे पैसे लावत नाहीत.

'अभिप्राय देऊ आणि दहा हजार स्ट्रीम्सही मिळवून देऊ' असं पॅकेज कुणी विकत असेल तर तिथून निघून या. स्पॉटिफायने २०२४ पासून दोन गोष्टी केल्या आहेत. बारा महिन्यांत हजार स्ट्रीम्स न झालेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत, आणि एखाद्या गाण्यावर उघड बनावट स्ट्रीम्स सापडले तर त्याचा दंड वितरकाला बसतो. तो दंड वितरक तुमच्याकडून वसूल करू शकतो, गाणंही काढून टाकू शकतो. वर ड्रम्स जसेच्या तसेच राहतात.

अभिप्राय हातात आला की आधी बिनखर्चाची दुरुस्ती करा. मिडीमध्ये प्रत्येक ठोक्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत असतो. माउसने ठोके टाकले की सगळे एकाच आकड्यावर बसतात. हाय-हॅटचे आठही ठोके १००, १००, १००. माणसाचा हात असा कधीच पडत नाही. तो ९८, ६५, ८६, ६० असा पडतो, मात्रेवर भारी आणि मधे हलका. एवढं एक केलंत तरी गाणं श्वास घेऊ लागतं. मग हात मोजा. स्नेअर, हाय-हॅट आणि क्रॅश एकाच क्षणी वाजत असतील तर तुमच्या ड्रमरला तीन हात झाले, त्यातला हाय-हॅट काढा. किक आणि बेस गिटार एकत्र पडतात का ते नुसते ते दोन ट्रॅक लावून ऐका. फिल दर चार आवर्तनांनी न टाकता जिथे शब्द संपून जागा मोकळी होते तिथे टाका. क्वांटाइझ शंभर टक्के न लावता पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा.

साउंडसाठीही लगेच खिशात हात घालायचं कारण नाही. एमटी पॉवर ड्रमकिट २ आणि स्टीव्हन स्लेट ड्रम्स ५ ची फ्री आवृत्ती फुकट मिळतात आणि डेमोपुरती उत्तम आहेत. मॅक असेल तर गॅरेजबँडमधला ड्रमर आहेच. रेकॉर्डिंगसाठी रीपर ६० दिवस वापरून बघता येतं आणि त्याचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा, म्हणजे पाच हजारांच्या थोडा वर आहे. ईझीड्रमर ३ ची मूळ किंमत १७९ डॉलरच्या आसपास आहे. परदेशी खरेदीवर १८ टक्के जीएसटी आणि कार्डाचं चलन-शुल्क वरून लागू शकतं, ते आधीच धरून ठेवा. वर्षातून काही वेळा सेल लागतो, घाई नसेल तर थांबा.

माझा खरा आग्रह पुढच्या गोष्टीचा आहे. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गावात ऑर्केस्ट्रा आहे आणि प्रत्येक ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणारा आहे. हे लोक रात्ररात्र दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवतात. ठेका त्यांच्या मनगटात मुरलेला असतो. ऑक्टोपॅडला मिडी आउट असतो. रोलँड एसपीडी-३० सारखं मॉडेल तर साध्या यूएसबी केबलने लॅपटॉपला लागतं. म्हणजे त्याचा हात रेकॉर्ड होतो आणि ड्रम्सचा आवाज तुम्ही नंतर हवा तो निवडता. उद्या चांगली लायब्ररी घेतलीत तरी तेच वादन तिच्यातून वाजेल. दोन-तीन तासांच्या सिटिंगचे दीड ते तीन हजार होतात. वादक नाईटच्या हिशोबाने विचार करतो, म्हणून ऐन गणपती-नवरात्रात किंवा लग्नसराईत फोन करू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला, कार्यक्रम कमी असताना बोलावलंत तर तो निवांत वेळ देतो. एका बैठकीला दोन-तीन गाणी तयार ठेवा, त्यामुळे दर गाण्यामागे खर्च हजारावर येतो.

त्याला गाणं आदल्या दिवशी पाठवा, क्लिक आणि बीपीएमसह. प्रत्यक्ष घेताना रेकॉर्डिंगचा बफर ६४ किंवा १२८ सॅम्पलवर आणा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद, पण १,०२४ वर तेच एकवीसच्या घरात जातं. मग वादकाला स्वतःचा ठोका उशिरा ऐकू येतो, तो नकळत पुढे पळतो आणि दोष त्याच्या माथी येतो. संगणकाला झेपत नसेल तर बाकीच्या ट्रॅकची एकच स्टिरिओ फाइल करून तिच्यावर वाजवून घ्या. तीन टेक घ्या आणि तिन्ही ठेवा.

गाणं लावणीच्या अंगाचं असेल किंवा दादऱ्यातलं भावगीत असेल, तर तयार ग्रूव्ह चाळत बसू नका. त्यातले बहुतेक चार मात्रांच्या पाश्चात्त्य साच्यातले असतात. ढोलकी किंवा तबला वाजवणाऱ्याला बोलवा. ढोलकीच्या दोन तोंडांना एकेक माइक पुरतो, म्हणजे दोन इनपुटचा साधा इंटरफेस चालतो. मात्र पट्टी आधी कळवा. काळी एक की काळी चार, त्यावर तो कोणतं वाद्य घेऊन निघायचं ते ठरवतो. ऐनवेळी सांगितलंत तर सुरात न लागणारी ढोलकी गाण्यात कायमची राहील.

खऱ्या ड्रमसेटचा आवाज हवाच असेल, तर फ्लॅटमध्ये तो नाद करू नका, शेजारी उभे राहतील. स्टुडिओचे तासाला १,००० ते २,००० आणि ड्रमरचे गाण्यामागे ४,००० ते ८,००० धरा. सेट लावण्यात नि माइक बसवण्यातच तास-दीड तास जातो, म्हणून चार तासांची जागा घ्या. माइक कमी असतील तर ग्लिन जॉन्स यांची पद्धत मागा. लेड झेपेलिनचा १९६९ मधला पहिला अल्बम याच इंजिनिअरने रेकॉर्ड केला होता. एक माइक स्नेअरच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने, दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर, तिसरा किकला. अंतर डोळ्यांनी न ठरवता दोरीने मोजून घ्या. त्यात फरक पडला की स्नेअरचा आवाज पोकळ होतो. साउंडबेटरसारख्या ठिकाणी परदेशी ड्रमर घरबसल्या वाजवून पाठवतात. शंभर डॉलरच्या आसपास मानधन, आणि दुरुस्तीच्या फेऱ्या किती ते आधी ठरवून घ्यायचं.

व्यवहार कोणाशीही असो, निम्मे पैसे आधी, निम्मे फाइल्स मिळाल्यावर. फाइल्स म्हणजे २४ बिटच्या वेगवेगळ्या वेव्ह, नुसती एक एमपी३ नव्हे. वादकाकडून दोन ओळींचा मेसेज घ्या: मानधन पूर्ण मिळालं, गाणं प्रसिद्ध करायला हरकत नाही. त्याचं नाव श्रेयात घाला, तो त्याचा हक्क आहे. चाल आणि शब्द तुमचेच राहतात. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण करायची झाल्यास चालीला ५०० रुपये, शब्दांना ५०० आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे. ध्वनिमुद्रणाची नोंदणी शेवटचं मिक्स झाल्यावरच करा, ड्रम्स बदलले की ते ध्वनिमुद्रणही बदलतं.