भाडेपट्ट्याची जमीन आणि वापरबदलाचे शुल्क

भाडेपट्ट्याच्या जमिनीवर घर बांधणारा माणूस पट्ट्याचा कागद बहुधा एकदाच वाचतो, तोही सही करताना. पुढे तो कागद पेटीत जातो. वीस वर्षांनी तळमजल्यावर दवाखाना काढायचा असतो, धाकट्या मुलाला दुकान घालून द्यायचे असते, किंवा संस्थेला आपले सभागृह लग्नकार्यासाठी भाड्याने द्यायचे असते. नेमक्या त्याच वेळी वापरबदलाच्या शुल्काची मागणी हाती पडते. आम्ही बँकेत कर्जाची कागदपत्रे हाताळतो. पट्टा देणाऱ्याचा ना-हरकत दाखला नसला की गहाणखत अडते आणि कर्जही अडते. यास्तव या विषयाची थोडी माहिती येथे देत आहोत.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. वापर बदलताना दोन दारे ठोठवावी लागतात. एक नियोजन प्राधिकरणाचे, म्हणजे नगरपालिका, महानगरपालिका वगैरेंचे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यात १९९२ साली दुरुस्ती होऊन कलम १२४-अ आले. त्यानुसार जमिनीच्या विकासावर व वापरातील बदलावर विकास शुल्क घेतले जाते. दुसरे दार जमिनीच्या मालकाचे. तो शासन असो की महामंडळ, त्याची मागणी पट्ट्यातील अटींवर उभी असते. एका दारी भरलेली पावती दुसऱ्या दारी चालत नाही. पालिकेची परवानगी मिळाली म्हणजे सारे झाले, असे समजणारे पट्टेदार पुष्कळ भेटतात.

मालकाचे शुल्क साधारणपणे जमिनीच्या वाढलेल्या मोलावर काढतात. समजा, निवासी वापरासाठी भूखंडाचे मोल १० लाख आहे आणि दुकानासाठी तेच १८ लाख होते. फरक ८ लाखांचा. त्यातील निम्मा हिस्सा मालकाचा ठरला असेल, तर मागणी ४ लाखांची. हिशोब इतका सोपा असूनही तंटे होतात, ते तारखेवरून. दर कोणत्या दिवसाचा धरायचा? अर्ज केला त्या दिवसाचा, वापर प्रत्यक्ष बदलला त्या दिवसाचा, की मागणीपत्र निघाले त्या दिवसाचा? फाईल कार्यालयात सहा वर्षे पडून राहिली आणि तेवढ्यात फरक ८ चा २० लाख झाला, तर निम्म्याने मागणी १० लाखांवर जाते. वर व्याज निराळे.

असा तंटा किती लांबतो हे दिल्लीतील एक्सप्रेस वृत्तपत्राच्या इमारतीवरून दिसते. बहादूरशहा जफर मार्गावरील ९ व १० क्रमांकांच्या भूखंडांचा कायम पट्टा १९५८ साली झाला. भूखंडाचा काही भाग सांडपाण्याच्या वाहिनीमुळे मोकळा सोडलेला होता. जनता पक्षाच्या राजवटीत त्यावर नवी इमारत उभारण्यास परवानगी मिळाली. १९८० च्या आरंभी सरकार बदलले आणि मार्चमध्ये नोटिसा आल्या: पट्ट्याचा भंग झाला आहे, जमीन परत का घेऊ नये? ७ ऑक्टोबर १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नोटिसा रद्द केल्या. या निकालातील वृत्तपत्रस्वातंत्र्याचा भाग सर्वांना ठाऊक आहे. आमच्या मते सामान्य पट्टेदाराच्या कामाचा भाग दुसराच आहे. रूपांतर शुल्कापोटी काही येणे निघत असेल, तर सरकारने रीतसर दिवाणी दावा लावून ते सिद्ध करावे, असे ठरले. म्हणजे मालकाने स्वतःच आकडा ठरवायचा आणि स्वतःच पट्टा मोडायचा, हे मान्य झाले नाही. तरीही १९८७ साली पट्टा संपुष्टात आणल्याची नोटीस निघालीच. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तीही अवैध ठरवली आणि रूपांतर शुल्क व जादा भुईभाडे मिळून सुमारे ६४ लाख रुपये सरकारला देण्यास सांगितले. १९८० पासून ४४ वर्षे झाली! वृत्तपत्राला ते झेपले. दोन खोल्यांच्या घराचा धनी इतका काळ वकील कोठून पोसणार?

अहमदाबादचे प्रकरण त्याहून सुटसुटीत आहे. तेथील नागरी विकास प्राधिकरण विकास शुल्क घेत होते. कायद्यात स्पष्ट अधिकार नसताना असे शुल्क घेता येत नाही, अधिकार अध्याहृत धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली ठरवले. मुंबई बंदराच्या जमिनींचे भाडे बेसुमार वाढवल्याबद्दलही जानेवारी २००४ मध्ये निर्णय झाला. सार्वजनिक संस्थेला भाडे वाढवता येते, पण खासगी मालकासारखे केवळ नफ्याकडे पाहून नव्हे, असा त्याचा आशय आहे.

म्हणून मागणीपत्र आले की प्रथम लेखी विचारावे: ही मागणी कोणत्या कलमाखाली किंवा पट्ट्यातील कोणत्या अटीखाली आहे, दर कोणत्या तारखेचा आहे, आणि हिशोबाची प्रत मिळेल काय? ही माहिती माहितीच्या अधिकारातही मागता येते. मात्र नोटीस बाजूला टाकून देऊ नये. कायद्यात तरतूद असेल तेथे शासकीय येणे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होते आणि मग जप्तीपर्यंत मजल जाते. दाखला तातडीने हवा असेल, तर रक्कम हरकत नोंदवून, हक्क राखून भरावी. तसे पत्र चलनासोबत देऊन त्याच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. पुढे परताव्याचा वाद निघाला, तर पावतीइतकीच ही स्थळप्रतही मागितली जाते.