भंगार की भांगर?

मराठीत ‘भंगार’ म्हणजे मोडीत निघालेले सामान. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या घरात ‘भांगर’ म्हणजे सोने. लिहिताना एक काना मागच्या अक्षरावर सरकवला की एका शब्दाचा दुसरा होतो. संगणकाच्या जगात टाकाऊ ठरलेल्या दोन प्रकारच्या यंत्रांच्या बाबतीत हा काना कोण सरकवतो आणि कशाच्या बळावर सरकवतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ती यंत्रे म्हणजे थिन क्लायंट आणि राउटर; आणि ज्याच्या बळावर हे घडते ती लिनक्स ही कार्यप्रणाली होय.

थिन क्लायंट हे नाव पुष्कळांना अपरिचित असले, तरी वस्तू पाहण्यातली आहे. बँकेत किंवा इस्पितळाच्या नोंदणी-खिडकीमागे बसलेल्या लिपिकाच्या पडद्यापाशी जाड शब्दकोशाएवढी एक काळी पेटी कित्येकदा असते. तिला बहुधा पंखा नसतो, म्हणून आवाजही नसतो. लिपिकाचे काम वस्तुतः दूरच्या एका मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, चाललेले असते. कळफलकावरील अक्षरे तिकडे पोहोचवावयाची आणि तिकडचे चित्र इकडच्या पडद्यावर आणावयाचे, एवढेच पेटीचे काम. तथापि ती उघडून पाहिली, तर संगणकाला लागणारे सारे अवयव आत जागच्या जागी आढळतात. एचपी कंपनीचा टी६२० हा २०१४ च्या सुमाराचा नमुना घ्या. त्यात ६४ बिटांचा, दोन किंवा चार गाभ्यांचा प्रोसेसर आहे आणि रॅमच्या पट्ट्यांसाठी दोन खाचा आहेत. ८ गिगाबाइट रॅम तो सहज स्वीकारतो. लिहिणे, वाचणे, हिशेब करणे, कार्यक्रम रचावयास शिकणे, यांसाठी एवढे पुष्कळ झाले.

मग अशा पेट्या टाकल्या का जातात? मोठी कार्यालये त्या शेकड्यांनी घेतात व शेकड्यांनीच काढून टाकतात. आत भरलेल्या विंडोजच्या आवृत्तीस सुधारणा मिळण्याची मुदत संपली, किंवा देखभालीचा करार संपला, की पेटी सेवानिवृत्त होते. माणसाचे निवृत्तीचे वय आणि त्याची कार्यशक्ती यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. येथेही तोच प्रकार आहे.

राउटरची गोष्ट अधिक मनोरंजक आहे, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिस या अमेरिकन कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा बिनतारी राउटर बाजारात आणला. निळ्या-काळ्या रंगाची, पाठीवर शिंगांसारख्या दोन अँटेना उभारलेली ती पेटी. आत १२५ मेगाहर्ट्झ गतीचा प्रोसेसर, १६ मेगाबाइट रॅम आणि वीज गेली तरी न पुसली जाणारी फ्लॅश नावाची स्मृती, ती अवघी ४ मेगाबाइट. (आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही कित्येकदा एवढ्यात मावत नाही.) २००३ मध्ये सिस्को या मोठ्या कंपनीने लिंकसिस विकत घेतली. त्याच वर्षी काही जिज्ञासू कार्यक्रमकारांच्या ध्यानात आले की, या पेटीत जी कार्यप्रणाली गुपचूप काम करते आहे ती लिनक्सच आहे.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. त्यासाठी लिनक्सचा परवाना समजून घेतला पाहिजे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहून प्रसिद्ध केला आणि पुढील वर्षी त्यास रिचर्ड स्टॉलमन यांनी सिद्ध केलेला ‘जीपीएल’ हा परवाना लावला. त्याचे सार सांगावयाचे तर असे: पोथी वापरा, नकला, विका, तिच्यात फेरफारही करा, परंतु जिला ती दिलीत त्या व्यक्तीला मूळ संहिता मिळविण्याचा आणि पुढे नकलून देण्याचा अधिकारही त्याच हाताने द्या. संगणक जे वाचतो ते शून्य-एकांचे जंजाळ माणसास उलगडत नाही. माणसाने माणसाला वाचता येईल अशा रूपात लिहिलेला मजकूर म्हणजे मूळ संहिता. लिंकसिसने पेटी विकली, आतली पोथी दिली, मूळ संहिता मात्र दिली नव्हती. बोभाटा झाल्यावर २००३ मध्येच कंपनीला ती खुली करावी लागली.

त्यातून जे घडले ते कंपनीच्या स्वप्नातही नसावे. खुल्या झालेल्या संहितेच्या पायावर जानेवारी २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प सुरू झाला. ज्या पेटीने केवळ घरातील संगणकांना आंतरजाल वाटून द्यावयाचे, तिच्यात लोक आपापल्या गरजेचे कार्यक्रम भरू लागले. कोणाला शेजारच्या दोन इमारती जोडावयाच्या होत्या, कोणाला घरातील मुलांच्या वापराची वेळ नेमून द्यावयाची होती, तर कोणाला केवळ आत काय चालते हे पाहावयाचे होते. मला स्वतःला हा शेवटचा वर्ग अधिक प्रिय आहे.

२००५ च्या अखेरीस कंपनीने याच राउटरची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा फ्लॅश आणि रॅम दोन्ही निम्म्यावर आणली आणि लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही दुसरी कार्यप्रणाली बसविली. नाव तेच, रूप तेच, आतील माल निराळा! हौशी मंडळींची निराशा झाली. पण त्यांची संख्या आता दुर्लक्ष करण्याजोगी राहिली नव्हती. जुनी स्मृती आणि जुना लिनक्स कायम ठेवून कंपनीने डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने निराळा राउटर विकावयास काढला. नावातील शेवटचे ‘एल’ हे लिनक्सचे. संहितेच्या प्रश्नावर मात्र वाद पुरता मिटला नव्हता. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने सिस्कोवर दावा लावला आणि २००९ मध्ये उभय पक्षांत समेट झाला.

मी कलाशाखेचा पदवीधर. विजेच्या मंडलांपेक्षा शब्दांशी माझा परिचय अधिक. म्हणूनच या सर्व प्रकरणात मला सर्वांत नवल वाटते ते हे की, बंद पेटीची किल्ली ठरली ती परवान्यातील काही वाक्ये.

आता ४ मेगाबाइटांत एवढा संसार मावतो कसा, ते पाहू. लिनक्सवर नेहमी लागणाऱ्या लहानमोठ्या आज्ञा शेकड्यांनी आहेत: यादी दाखविणे, नक्कल करणे, शोधणे, पुसणे. प्रत्येकीचा स्वतंत्र कार्यक्रम ठेवला तर जागा पुरणार नाही. बिझीबॉक्स नावाचा एकच कार्यक्रम ही सारी कामे करतो. आपल्याकडचा बहुरूपी जसा वेषाप्रमाणे बोलतो, तसा हा ज्या नावाने हाक येईल त्या नावाचे काम करतो. ब्रूस पेरेन्स यांनी तो १९९५ मध्ये लिहिला, तो डेबियन लिनक्सची उभारणी करणारी सामग्री एका फ्लॉपीत बसावी म्हणून. गरज एकाची आणि सोय सर्वांची, असे येथे झाले. दुसरी युक्ती फायली ठेवण्याची. मूळ प्रणाली घट्ट दाबून, न बदलता येईल अशा स्वरूपात फ्लॅशमध्ये ठेवतात, आणि आपण केलेले बदल तिच्यावरील वेगळ्या थरात लिहिले जातात. छापील पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर दुरुस्त्या लिहाव्या, तसे. कागद उचलला की मूळ पान जसेच्या तसे समोर येते. ओपनडब्ल्यूआरटी घातलेला राउटर मूळपदावर आणावयाचा असतो, तेव्हा हा वरचा कागदच उचलला जातो.

याच सुमारास निघालेल्या एनएसएलयू२ या पेटीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ती लिंकसिसचीच, २००४ सालची. यूएसबीच्या दोन खाचांत साठवणुकीच्या तबकड्या जोडून त्यांवरील फायली घरभर वाटणे, हे तिचे नेमलेले काम. २६६ मेगाहर्ट्झ गतीने धावू शकणारा तिचा प्रोसेसर पहिल्या काही उत्पादनांत १३३ वरच बांधून ठेवलेला होता. आणि बांधणारी दोरी म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक रोधक! तो काळजीपूर्वक उचकटला की गती दुप्पट. ३२ मेगाबाइट रॅमच्या त्या पेटीवर लोकांनी पुढे संपूर्ण डेबियन चालविले.

थिन क्लायंटच्या बाबतीत एवढी कसरत करावी लागत नाही. जुना असला तरी तो बहुधा सर्वसाधारण संगणकाच्याच जातीचा असतो. यूएसबी कांडीवरून लिनक्स सुरू करून आत उतरविता येते. आतली स्मृती फारच अपुरी असेल, तर आणखी एक मार्ग आहे. पेटी सुरू होताच जाळ्यावर हाक देते: मी कोण, आणि माझा गाभा कोठे आहे? सर्व्हर तिला पत्ता देतो, लिनक्सचा गाभा पाठवितो आणि फायलींचे कोठारही स्वतःचेच वापरू देतो. पेटीत स्वतःचे असे काहीच साठवावे लागत नाही. या पद्धतीने संपूर्ण वर्ग चालविता यावा म्हणून जिम मॅकक्विलन यांनी १९९९ मध्ये लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट सुरू केला. एक बरासा संगणक आणि त्याभोवती दहा जुन्या पेट्या, ही मांडणी गरीब शाळेस परवडणारी आहे. सर्व्हर बिघडला तर मात्र सारा वर्ग एकदम अंधारात बसतो, हेही सांगितले पाहिजे.

अन्य अडचणीही आहेत. राउटरच्या फ्लॅशवर नवी प्रणाली लिहीत असताना वीज गेली, तर पेटी अर्धवट लिहिलेल्या पाटीसारखी होते व सुरूच होत नाही. या विद्येत तिला ‘वीट’ झाली असे म्हणतात. आषाढात हे काम काढू नये, एवढे गोव्यातील मनुष्यास निराळे सांगावयास नको. परंतु पुष्कळदा ही वीटही बोलती करता येते. फ्लॅशच्या आरंभी बूटलोडर नावाचा एक छोटा कार्यक्रम असतो आणि नवी प्रणाली लिहिताना त्यास सहसा हात लावला जात नाही. विजेचे बटण दाबल्यावर तो क्षणभर थांबून जाळ्यावरून कोणी नवी प्रत देतो का, हे पाहतो. त्या क्षणात प्रत देणे साधले पाहिजे.

दुसरी अडचण सुरक्षिततेची, आणि ती अधिक गंभीर आहे. ‘आत लिनक्स आहे, म्हणजे काळजी नाही’ ही समजूत चुकीची होय. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील डिन या कंपनीवर झालेल्या हल्ल्याने अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली होती. तो हल्ला करणारी फौज ‘मिराई’ या दुष्ट कार्यक्रमाने उभी केली होती. आणि त्या फौजेतील शिपाई म्हणजे कारखान्यातून आलेला संकेतशब्द मालकाने कधीच न बदललेले घरोघरचे कॅमेरे व राउटर, आत लिनक्स असलेलेच. मिराईपाशी अशा ठरावीक नावा-संकेतशब्दांच्या सुमारे साठ जोड्यांची यादी होती, आणि तेवढी तिला पुरली. सुधारणा न मिळणारी जुनी पेटी म्हणूनच आंतरजालाच्या वेशीवर उभी करू नये.

लिनक्सही जुन्यास अनंत काळ सांभाळत नाही. ज्या ३८६ जातीच्या प्रोसेसरवर टोरवाल्ड्स यांनी आरंभ केला, त्याचाच आधार डिसेंबर २०१२ मध्ये गाभ्यातून काढण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर प्रणाली उभारण्याची सोय उरलेली नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या नव्या आवृत्त्याही ४ मेगाबाइटांच्या पेटीत मावत नाहीत. तरी यात आणि कारखानदाराच्या फर्मानात एक भेद आहे: येथे संहिता उघडी असते, ज्याला हवे त्याने पुढे सांभाळावी.

आता आपल्या शाळेपुरते. प्रयोगशाळेच्या कपाटात देणगीदाखल आलेले चार थिन क्लायंट आहेत, दोन ६४ बिटांचे आणि दोन ३२ बिटांचे. भंगारवाल्याने त्यांचा भाव किलोवर सांगितला आहे, आणि कपाट रिकामे हवे ही विज्ञान-शिक्षकांची मागणीही रास्तच आहे. माझे मत असे की, ६४ बिटांच्या एका पेटीवर किविक्स हा कार्यक्रम घालून मराठी विकिपीडियाची प्रत ठेवावी, म्हणजे आंतरजाल बंद असतानाही वर्गातून ती वाचता येईल. दुसरी पेटी विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावी, बिघडवण्यासाठीसुद्धा. ३२ बिटांच्या दोघींना बाहेरचे जाळे न दाखविता ग्रंथालयाची सूची पाहण्याच्या कामी लावावे. विजेचा प्रश्न कोणी काढील म्हणून हिशेब देतो: १० वॅट घेणारी पेटी वर्षभर रात्रंदिवस चालविली तर ८८ युनिटांच्या आत भागते, ६० वॅट घेणाऱ्या मोठ्या संगणकास त्याच अवधीत ५२५ हून अधिक युनिटे लागतात.

आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी संगणक नाही, मोबाइल आहे. मोबाइल वापरता येतो, परंतु कंपनीने कुलूप घातलेल्या त्याच्या अंतरंगात शिरता येत नाही. दुसऱ्याने सजविलेल्या घरात पाहुण्यासारखे राहावयाचे आणि स्वतः भिंत बांधावयाची, यांत फरक आहे. किलोच्या भावात तो मावत नाही, म्हणून हा लेख लिहिला.

कोणाच्या घरी जुना राउटर पडून असल्यास त्याच्या तळाशी चिकटविलेली पट्टी वाचून नमुना क्रमांक उतरून आणावा. क्रमांकापुढे ‘आवृत्ती’ म्हणून एक बारीक आकडा छापलेला असतो, तोही लिहावा. डब्ल्यूआरटी५४जी असेल तर चौथी आवृत्ती की पाचवी, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. विजेच्या अडॅप्टरवरील व्होल्टचा आकडाही पाहावा. दिसावयास सारखे दोन अडॅप्टर एक ५ व्होल्टचा आणि दुसरा १२ व्होल्टचा असू शकतो. खाचेत दोन्ही बसतात.