छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी योग्य वंगण तेलाची निवड

विहिरीवरील डिझेल इंजिनाची निगा कशी राखावी, हे महाराष्ट्रातील बागाईतदारास पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक झालेले आहे. तळाच्या टाकीत तेल भरावयाचे, पट्टीने त्याची पातळी पाहावयाची आणि ठराविक तास काम झाले की ते बदलावयाचे, ही सवय त्याच्या अंगवळणी पडलेली असते. परंतु अलीकडे शेतावर जी हलकी यंत्रे आली आहेत, म्हणजे पाठीवरचा पेट्रोल पंप, गवत कापावयाचा ब्रश कटर, झाडाच्या फांद्या तोडावयाची साखळी करवत, त्यांपैकी पुष्कळांचे इंजिन निराळ्या जातीचे असते. त्यास टू-स्ट्रोक इंजिन म्हणतात. त्यात तेलाची स्वतंत्र टाकी नसते, तेल तपासण्याची पट्टी नसते आणि तेल बदलण्याचा प्रश्नही नसतो. यामुळे डिझेल इंजिनावर उपयोगी पडलेली सवय येथे कामाची नाही, आणि कित्येकदा तीच नुकसानीस कारण होते.

हे नुकसान साधारणतः अगदी अडचणीच्या वेळी होते. आंब्यास मोहोर आला आहे, तुडतुडे दिसू लागले आहेत, फवारणीस दोन-तीन दिवसांचीच सवड आहे, आणि नेमक्या अशा वेळी पंप कर्कश आवाज करून एकाएकी थांबतो. दोरी ओढू गेल्यास ती हलत नाही. कारागीर इंजिन उघडून पिस्टन दाखवितो, तेव्हा त्यावर उभे ओरखडे पडलेले दिसतात. दुरुस्तीचा खर्च होतोच, शिवाय मोहोर वाट पाहत नाही. वस्तुतः ह्या हानीचे मूळ बहुधा तेलाच्या एका डब्यात किंवा चुकलेल्या मापात असते.

तेल इंजिनात काय काम करते ?

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास एकदा इंधन जळते. मिनिटास ६,००० फेरे होत असतील, तर पिस्टन एका सेकंदात शंभर वेळा वर जाऊन शंभर वेळा खाली येतो. इतक्या वेगाने घासणाऱ्या भागांस वंगण पोहोचविण्याची व्यवस्था ह्या इंजिनात पेट्रोलवरच सोपविलेली आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल कार्बुरेटरमधून हवेसह प्रथम क्रँकच्या पेटीत जाते. तेथील उष्णतेने पेट्रोलची वाफ होते व तेलाचे सूक्ष्म थेंब मागे राहून बेअरिंग, कनेक्टिंग रॉड व सिलिंडरची भिंत यांवर पातळ थर धरतात. पुढे हेच तेल इंधनाबरोबर वरच्या भागात जाऊन जळते व धुराबरोबर बाहेर पडते.

म्हणजे ह्या तेलास तीन कामे करावी लागतात. त्याने पेट्रोलमध्ये सहज व एकजीव मिसळले पाहिजे. क्षणभर का होईना, भक्कम वंगण दिले पाहिजे. आणि काम संपताच राख व काजळी फारशी न ठेवता जळून गेले पाहिजे. तेलाची निवड करताना ही तीन कामे डोळ्यांपुढे ठेवली म्हणजे पुढील बहुतेक नियम आपोआप समजतात.

कोणते तेल वापरू नये ?

ट्रॅक्टरचे, मोटारीचे अथवा डिझेल इंजिनाचे तेल टू-स्ट्रोक इंजिनात घालू नये. ते तेल वाईट असते म्हणून नव्हे, तर ते दुसऱ्या कामासाठी बनविलेले असते म्हणून. फोर-स्ट्रोक इंजिनातील तेल शेकडो तास फिरत राहावे, जळू नये, अशी त्याची घडण असते. ते टिकावे व इंजिन स्वच्छ राहावे यासाठी त्यात कॅल्शियम, जस्त अशा धातूंची संयुगे घातलेली असतात. हे तेल जळले की त्या धातूंची राख मागे उरते. ती प्लगच्या टोकांत साचून ठिणगी बंद करते, किंवा पिस्टनच्या माथ्यावर तापून लाल होते व ठिणगीपूर्वीच इंधन पेटविते. असे वारंवार घडल्यास पिस्टनला भोकही पडू शकते.

गिअरचे तेल मुळात जळण्यासाठी केलेलेच नसते. काढलेले जुने, काळे तेल गाळून वापरणे ही तर यंत्राशी उघड शत्रुता होय; कारण त्यातील काजळी व धातूचे कण फडक्याने गाळले जात नाहीत. एरंडेल तेलाविषयीही एक समज आढळतो. एरंडेलाचा वंगणगुण उत्तम आहे आणि पहिल्या महायुद्धाच्या काळातील विमानांच्या इंजिनांत त्याचा वापर होत असे, हे खरे. परंतु ते पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही व तापल्यावर चिकट थर धरते. म्हणून घरचे एरंडेल पंपात घालू नये.

डब्यावरील खुणा कशा वाचाव्यात ?

बाजारात ‘टू-टी’ ह्या नावाने तेले मिळतात. नाव एकच असले तरी प्रत एकच नसते. प्रत ओळखण्यासाठी डब्यावर रोमन लिपीत काही अक्षरे छापलेली असतात. दुकानदारास भाव विचारण्यापूर्वी ती पाहावीत.

जपानी मोटार मानक संस्थेची खूण ‘जासो’ अशी असते व तिच्यापुढे एफबी, एफसी किंवा एफडी ही अक्षरे असतात. ही प्रत ठरविताना तेलाचे वंगण, इंजिन स्वच्छ ठेवण्याची शक्ती, धुराचे प्रमाण आणि सायलेन्सर चोंदण्याची प्रवृत्ती ह्या गोष्टींची परीक्षा होते. एफबीपेक्षा एफसी तेलाचा धूर पुष्कळ कमी असतो. एफडी तेलाचा धूरही तसाच कमी असून पिस्टन स्वच्छ राखण्याची त्याची शक्ती अधिक असते. आंतरराष्ट्रीय मानकाच्या खुणा ईजीबी, ईजीसी व ईजीडी अशा असून त्या अनुक्रमे वरील प्रतींशी जुळत्या आहेत. काही डब्यांवर अमेरिकन मानकाची ‘एपीआय टीसी’ ही खूण असते.

पाठीवरचा पंप, ब्रश कटर व साखळी करवत ही सर्व हवेने थंड होणारी यंत्रे आहेत. ती अधिक तापतात व दीर्घकाळ भर वेगाने चालतात. त्यांना जासो एफडी किंवा ईजीडी प्रतीचे तेल उत्तम. ते न मिळाल्यास एफसी प्रतीचे घ्यावे. यंत्राच्या पुस्तिकेत विशिष्ट प्रत सांगितली असल्यास तीच प्रमाण मानावी.

कोकण किनाऱ्यावर व गोव्यात आणखी एक गफलत संभवते. होडीच्या मागे बसविलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल ‘टीसी-डब्ल्यू३’ ह्या खुणेचे असते. त्यातील डब्ल्यू हे अक्षर पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे सूचक आहे. होडीचे इंजिन सतत पाण्याने थंड राहते, म्हणून त्याचे तेल राखविरहित व कमी उष्णतेस योग्य असे केलेले असते. ते होडीस अत्यंत योग्य. परंतु उन्हात तापणाऱ्या ब्रश कटरला ते पुरे पडत नाही. ज्या घरी होडी व बाग दोन्ही आहेत, तेथे दोन डबे निराळे ठेवावेत.

प्रमाण किती असावे ?

तेलाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत अथवा टाकीच्या झाकणावर दिलेले असते. त्याप्रमाणे मापे अशी होतात :

१ : ५० — एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, पाच लिटरला १०० मिलिलिटर तेल.
१ : ४० — एक लिटरला २५ मिलिलिटर, पाच लिटरला १२५ मिलिलिटर तेल.
१ : २५ — एक लिटरला ४० मिलिलिटर, पाच लिटरला २०० मिलिलिटर तेल.

तेल कमी पडल्यास इंजिन जाम होते, हे सर्वांस पटते. परंतु ‘थोडे जास्त घातले तर बरेच’ ही समजूतही चुकीची आहे. जादा तेल पुरते जळत नाही. त्याची काजळी प्लगवर, पिस्टनच्या कड्यांच्या खाचांत व धूर बाहेर जाण्याच्या भोकात साचते. कडी अडकल्या की दाब गळतो, सायलेन्सर चोंदला की शक्ती घटते, आणि शेतकरी समजतो की यंत्र जुने झाले.

मिश्रण करण्याची रीत

प्रथम आपले यंत्र टू-स्ट्रोकच आहे ना, याची खात्री करावी. काही नवे ब्रश कटर फोर-स्ट्रोक असतात. त्यांच्या टाकीत नुसते पेट्रोल व खाली तेल निराळे भरावयाचे असते. शेजाऱ्याचे यंत्र उसने आणताना ही चौकशी अवश्य करावी.

इंधनासाठीच बनविलेला स्वच्छ, घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. त्यात निम्मे पेट्रोल घालून मोजलेले सर्व तेल ओतावे व चांगले हलवावे. मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. यंत्राच्या टाकीतच पेट्रोल व तेल वेगवेगळे ओतू नये. कारण तेल तळाशी बसते व प्रारंभीच प्रमाण बिघडते. टू-टी तेलास निळा, हिरवा किंवा तांबडा रंग दिलेला असतो. त्यामुळे मिश्रण रंगीत दिसते व तेल घातले की नाही, हे ओळखता येते. डब्यावर प्रमाण व तारीख लिहून ठेवावी.

औषध मोजण्याचे माप तेलासाठी वापरू नये व तेलाचे माप औषधासाठी वापरू नये. पेयाच्या रिकाम्या बाटलीत मिश्रण ठेवल्यास लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. इंजिन गार झाल्यावरच टाकी भरावी आणि जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नये.

इथेनॉल व पावसाळी हवा

सन २०२५ पासून देशात विकले जाणारे पेट्रोल बहुतांशी २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचा अंश फार वाढला तर पाणी व इथेनॉल यांचा थर तळाशी उतरतो, आणि वंगण तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. टाकीतून इंधन ओढणारी नळी तर तळाशीच असते. परिणामी माप अचूक असूनही इंजिनास वंगणाविना चालावे लागते. हा धोका टाळण्यास उपाय साधे आहेत. आठवड्या-दोन आठवड्यांत संपेल इतकेच मिश्रण करावे, डब्यात पाणी शिरू देऊ नये, आणि प्रत्येक वेळी डबा हलवून मगच टाकी भरावी. महिन्याहून जुने मिश्रण वापरू नये. आपल्या यंत्रास किती टक्के इथेनॉल चालते, हेही पुस्तिकेत पाहावे. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बुरेटर कोरडा होतो.

प्लगची साक्ष

तेल व प्रमाण योग्य आहे की नाही, हे प्लग काढून पाहिल्यास कळते. टोक फिकट तपकिरी असल्यास सर्व ठीक समजावे. ते काळे व ओलसर असल्यास तेल जास्त पडते किंवा हवेची जाळी चोंदली आहे. टोक पांढरट दिसल्यास इंजिन फाजील तापत आहे. तसेच काम पुढे न रेटता कारागिरास दाखवावे.

काटकसर कोठे करावी ?

उत्तम तेल महाग असते, ही तक्रार ऐकू येते. तिचा हिशेब करून पाहावा. समजा, चांगल्या व हलक्या तेलाच्या किमतीत लिटरमागे २०० रुपयांचा फरक आहे. १ : ५० ह्या प्रमाणात एक लिटर तेल ५० लिटर पेट्रोलला पुरते. म्हणजे लिटरमागे अधिक खर्च येतो तो अवघा ४ रुपये. त्याच्या उलट बाजूस पिस्टन, सिलिंडर, कारागिराची मजुरी आणि वेळेवर न झालेली फवारणी मांडावी. काटकसर करावयाचीच असेल तर ती मिश्रण वाया न घालविण्यात करावी, तेलाच्या प्रतीत करू नये.

सारांश, हवेने थंड होणाऱ्या यंत्रास योग्य खुणेचे टू-टी तेल, पुस्तिकेप्रमाणे मोजलेले प्रमाण आणि ताजे मिश्रण, एवढी त्रिसूत्री शेतकरी बंधूंनी पाळली, तर हे लहानसे इंजिन अनेक हंगाम इमानाने काम देईल व ऐन मोहोराच्या वेळी दगा देणार नाही.