आधी पारी बघ

मनू, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, न्यूयॉर्कच्या डिम समचं एवढं कौतुक ऐकलं होतं, पण काही दम नाही गं त्यात." मी विषय बदलला. गॅसवर भाजी होती आणि हे घाईघाईत सांगायचं नव्हतं. आता निवांत बसून लिहितेय.

तू कॉलेजजवळच्या ज्या हॉटेलात गेलीस तिथे सुशी होती, थाई करी होती, रामेन होतं आणि शेवटच्या पानावर डिम समही होतं. वेळ रात्री नऊची. अशा ठिकाणी मीही पहिली दोन वर्षं पैसे घातले आहेत, म्हणून सांगते. रात्री नऊला डिम सम मागणं म्हणजे उडप्याकडे रात्री नऊला उपमा मागण्यासारखं. मागितलास तर देतील, पण तो सकाळचाच असेल. डिम सम हा सकाळी सुरू होऊन दुपारी आटपणारा प्रकार आहे. ग्वांगडाँग प्रांतातली आणि हाँगकाँगची माणसं त्याला 'याम चा' म्हणतात, म्हणजे नुसतं 'चहा पिणं'. मुख्य तो चहा, बाकीचं सगळं त्याच्या सोबतीला. आजी-आजोबा, मुलं, नातवंडं गोल टेबलाभोवती तास-दीड तास बसतात, किटली भरून येत राहते आणि बांबूच्या लहान लहान टोपल्या रिकाम्या होत जातात. तू साडेदहा-अकराला जा. दुपारी दोननंतर जाऊच नकोस, मग लोकांनी सोडलेलं खावं लागतं.

दुसरं, डंपलिंग आणि डिम सम एक नव्हे. आपल्याकडे कुणी 'इंडियन' म्हणून डोसा, ढोकळा आणि पुरणपोळी एकाच ताटात वाढली तर तुला कसं वाटेल? इथेही मुलूख बघावा लागतो. डिम सम दक्षिणेचं, कँटनीज लोकांचं. पातळ सुपाने भरलेले शियाओ लोंग बाओ शांघायकडचे. आणि अर्धचंद्रासारखे, पाण्यात उकळून काढलेले च्याओत्झ उत्तरेचे, जिथे भातापेक्षा गहू जास्त. जॅक्सन हाइट्सला तू जे मोमो खातेस ते तिबेटी-नेपाळी, चविष्ट आहेत, पण ते घराणंच वेगळं. एकाच मेनूवर हे सगळं दिसलं की मी पाटी वाचून पुढे जाते. ज्या घराचा जो मुलूख, तिथे तेच मागायचं.

आणि आता खरी गोष्ट. चांगलं-वाईट ओळखायला तुला कुणाच्या यादीची गरज नाही. तू आईच्या शेजारी बसून उकडीचे मोदक केले आहेस. पारी फाटली की आई काय म्हणायची ते आठवतंय ना? बस, तेवढंच ज्ञान पुरतं.

कुठेही गेलीस की पहिल्यांदा 'हार गाव' मागव. कोळंबीचं सारण भरलेलं, पांढरं, अर्धपारदर्शक डंपलिंग. कँटनीज आचाऱ्याची परीक्षा यावरच घेतात. त्याची पारी कशाची असते माहीत आहे? गव्हाच्या चिकाची. उन्हाळ्यात कुरडयांसाठी आई गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढायची, तोच वाळवला की हे पांढरं पीठ. त्यात थोडं टॅपिओकाचं पीठ घालतात आणि वरून खळखळतं पाणी ओततात. म्हणजे उकडच काढतात! मग गरम असतानाच मळायचं, गोळी करायची आणि तेलाचा हात लावलेल्या रुंद सुरीच्या पात्याने दाबून फिरवायची. एका फटक्यात पातळ चकती होते. त्यात सारण ठेवून एकाच बाजूला कळ्या पाडत जायचं. सात तरी हव्यात म्हणतात, कसलेला हात दहा-बारा सहज पाडतो.

टोपली समोर आली की लगेच तोंडात टाकू नकोस, नीट बघ. पारीतून आतली कोळंबी गुलाबी दिसली पाहिजे. काड्यांनी हलकेच उचल. खालच्या कागदाला बूड चिकटून राहिलं आणि सारण तिथेच सांडलं, तर पारी कमी-जास्त शिजली आहे किंवा टोपली बराच वेळ वाफेवर पडून आहे. कडा पांढऱ्या, कोरड्या, कडक झाल्या असतील तर ती गार होऊन परत गरम केली आहे. चावल्यावर पारी जराशी चिवट, पण दाताला न चिकटणारी हवी आणि कोळंबी कचकन तुटली पाहिजे. पिठासारखी भुसभुशीत लागली तर पुढे दुसरं काही मागवू नकोस. चहा पी, पैसे दे आणि ऊठ. मला हे उठणं जमायला फार वर्षं लागली. आई आली होती तेव्हा शनिवारी दुपारी तीनला तिला एका मोठ्या हॉलमध्ये नेलं. सगळं गार, वातड. ती काही बोलली नाही, तिने फक्त पारीची कड काढून बशीच्या कडेला ठेवली. मला ते अजून टोचतं. पहिल्याच टोपलीला कळलं होतं, तरी मी चार मागवल्या.

हार गाव जमलं तर बाकीचंही बहुतेक जमलेलं असतं. मग 'शू माय' घे, वरून उघडं, पिवळ्या पारीचं, डुकराचं मांस आणि कोळंबी घातलेलं. 'चा शू बाओ' घे. वाफवलेला असला तर तो वरून उमलून फुटलेला हवा, गुळगुळीत बंद नको. कोंबडीच्या पायांची तुला किळस वाटत असेल, पण एकदा माझ्याबरोबर खाऊन बघ. आधी तळतात, मग भिजवतात, मग काळ्या सोयाबीनच्या सॉसात वाफवतात, त्यामुळे कातडी सुटून जिभेवर विरघळते.

पण तुझं मन जिंकेल ते 'छेंग फन'. तांदळाचं पातळ पीठ थाळीत ओतून वाफवायचं आणि तो तलम पापुद्रा गुंडाळून वर गोडसर सोया सॉस ओतायचा. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मावशीच्या अंगणात पोचले. सालपापड्या करताना ती ताटलीवरून ओली पापडी सोलून, तेल-तिखट लावून आपल्या हातावर ठेवायची, वाळत घालायच्या आधी. तीच चव नाही, पण तोच स्पर्श. फ्लशिंगला जोज स्टीम राइस रोल आहे, ते तांदूळ जागेवरच दळतात. नुसतं कोथिंबीर-पातीचं घे आणि उभ्या उभ्या खा.

आता कुठे जायचं ते. टाइम्स स्क्वेअरहून ७ नंबरची गाडी पकड आणि शेवटच्या थांब्याला उतर, फ्लशिंग-मेन स्ट्रीट. मॅनहॅटनचं चायनाटाउन जुनं आणि देखणं आहे, तिथेही नेईन तुला कधीतरी. डॉयर्स स्ट्रीटवरचं नोम वा १९२० सालचं आहे. गल्ली इतकी वाकडी की पुढचं टोक दिसत नाही. तिथे कागदावर खुणा करून मागवतात आणि ताजं करून आणतात. एलिझाबेथ स्ट्रीटवर जिंग फाँगचा केवढा तरी मोठा हॉल होता, ८०० माणसांचा. तो २०२१ च्या मार्चमध्ये बंद झाला. मग सेंटर स्ट्रीटवर लहान जागेत त्यांनी पुन्हा सुरू केलं. मी त्या मोठ्या हॉलमध्ये खूप रविवार काढले आहेत, म्हणून नवीन जागेत गेलं की मन भरून येतं. गाड्यांवरून टोपल्या फिरताना बघायच्या असतील तर ईस्ट ब्रॉडवेवरचं गोल्डन युनिकॉर्न. पण गाड्यांचं एक लक्षात ठेव. हॉल भरलेला असेल तरच त्यात अर्थ. माणसं कमी असली की तीच गाडी चार फेऱ्या मारते आणि टोपलीतल्या पारीचा जीव जातो.

तरी माझं मत फ्लशिंगलाच. तिथे दुकानं आपापल्या मुलखाची आहेत आणि गिऱ्हाईकही त्याच मुलखाचं, त्यामुळे लबाडी चालत नाही. रूझवेल्ट अॅव्हेन्यूवर व्हाइट बेअर नावाची बोळकांडीसारखी जागा आहे. तिथे लोक '६ नंबर' एवढंच म्हणतात. बारा वनटन येतात, तिखट तेल आणि बारीक चिरलेल्या लोणच्याने माखलेले, पारी रेशमासारखी. प्रिन्स स्ट्रीटवर नान शियांग आहे, शियाओ लोंग बाओसाठी. नान शियांग हे शांघायजवळच्या गावाचं नाव, हा पदार्थ तिथलाच. आतलं सूप आत कसं जातं हा प्रश्न मला वर्षभर छळत होता. पायाचं सूप फ्रिजमध्ये ठेवलं की कसं थिजतं, तसा डुकराच्या कातडीचा रस्सा थिजवतात, चिरून सारणात मिसळतात आणि वाफ लागली की तो वितळतो. तो बाओ शेंडीला धरून उचलायचा, चमच्यात ठेवायचा, बाजूला बारीक भोक पाडून आधी सूप प्यायचं, मग काळं व्हिनेगर आणि आल्याच्या काड्या. गडबड केलीस तर जीभ पोळेल. डिन ताय फंगला जायचं असेल तर एकदा जा, २०२४ साली ब्रॉडवेवर उघडलं आहे. तैपेईचं घर ते, १९५८ साली तेलाचं दुकान म्हणून सुरू झालेलं. त्यांच्या बाओला मोजून १८ कळ्या असतात. काम निर्दोष आहे, पण दर महिन्याला जावंसं वाटेल असं मला तिथे काही सापडलं नाही.

च्याओत्झसाठी फ्लशिंगच्या मॉलमधले काउंटर बघ. मी एका काउंटरशी कितीतरी वेळ उभी राहते. एक बाई, साठीच्या असतील, बोटाएवढं जाड, बिनमुठीचं लाटणं उजव्या तळव्याखाली फिरवतात आणि डाव्या हाताने चकती गिरकावतात. लाटणं दर वेळी फक्त मधोमध जाऊन परत येतं, त्यामुळे कड पातळ आणि मध्य जाड राहतो. बूड जाड नसेल तर उकळत्या पाण्यात फुटेल. हे पीठ थंड पाण्याने भिजवलेलं असतं, उकड नाही. तव्यावर परतायच्या डंपलिंगला मात्र बरेचदा गरम पाण्याचं पीठ घेतात, ते मऊ राहतं. एकदा मी हाताने कळ्या पाडायची खूण केली. त्यांनी एक चकती माझ्या हातावर ठेवली. मी आपली मुखरी पाडून शेंडी काढली. त्यांनी ती उलटसुलट बघितली आणि इतरांबरोबर पाण्यात सोडली. मेंढीचं मांस आणि गाजर, किंवा अंडं आणि हिरवी पात, हे सारण आधी घेऊन बघ.

आता जरा घरातलं. आपल्याकडे मासे-मटण चालतं, पण डुकराचं कधी आलं नाही. इथे ते सगळीकडे आहे. शू मायमध्ये तर आहेच, डिम समात मिळणाऱ्या मुळ्याच्या वड्यांतही असतं, सुक्या कोळंबीबरोबर, आणि कधीकधी पारी मळताना त्याची चरबी घालतात. मी खायला लागले आणि दोन वर्षं आईला सांगितलं नाही. प्रत्येक फोनवर "काय जेवलीस?" विचारलं की पोटात गोळा यायचा. शेवटी सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "बरं, पण तब्येतीला जप." तू खायचं की नाही ते तुझं तू ठरव, कुणाच्या संगतीने ठरवू नकोस. नको असेल तर मागवण्याआधी विचार. 'व्हेज' लिहिलेल्यातही ऑयस्टर सॉस असू शकतो. श्रावण पाळणार असशील तर मॉट स्ट्रीटवर बुद्धा बोदाय आहे, तिथे सगळंच शाकाहारी. त्यांचे 'हार गाव'ही बिनकोळंबीचे.

टेबलावरचं थोडं. बसलीस की आधी चहा विचारतील, तेव्हा गांगरू नकोस. 'बो ले' म्हण, तो काळा, मातकट वासाचा चहा तेलकट खाण्यावर उत्तम. दुसऱ्यांचे कप आधी भर, मग स्वतःचा. तुझा कप कुणी भरला तर दोन बोटं टेबलावर हलकेच टेकव, हे त्यांचं 'थँक यू'. किटली संपली की झाकण तिरकं ठेव, कुणी न हाक मारता येऊन भरेल. अनोळखी माणसांबरोबर टेबल वाटून घ्यावं लागलं तर खुशाल घे. त्यांच्या टोपल्यांत काय आहे ते बघून बोटाने दाखवून मागवता येतं, माझे निम्मे शोध असेच लागले. रोख पैसे जवळ ठेव, काही लहान दुकानं कार्ड घेत नाहीत.

शनिवारी ये. मेन स्ट्रीट स्टेशनबाहेर सव्वानऊला. आधी आपण बाउन स्ट्रीटला गणपतीच्या देवळात जाऊ, चालत पंधरा-वीस मिनिटं. १९७७ सालापासून आहे ते. दर्शन आधी, हार गाव नंतर, हा क्रम मी कधी मोडत नाही. खालच्या कँटीनमधला डोसा कितीही खुणावला तरी त्या दिवशी नाही, पोट रिकामं हवं. आणि एक डबा आण. मुळ्याच्या वड्या मी मुद्दाम जास्त मागवणार आहे. रविवारी सकाळी त्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत परत, झाकण न ठेवता. झाकण ठेवलंस की पाणी सुटतं आणि खरपूसपणा जातो.