मज्जारज्जूचा आघात व कूस बदलणें

वर्गांत आम्ही स्थिर बसण्याची आज्ञा करितों. ती एकाही विद्यार्थ्याकडून तासभर पाळली जात नाहीं, व त्यांत त्याचा दोष नाहीं. हाड व बाक यांमध्यें दाबलेल्या त्वचेस रक्त मिळेनासें होतें, ती दुखूं लागते, आणि आपण हलतों. मज्जारज्जू दुखावलेल्यास ही सूचनाच पोहोंचत नाहीं. त्याच्या अंगास शय्याव्रण पडतात, त्यांचें विष रक्तांत भिनतें. पहिल्या महायुद्धांतील असे बहुतेक जखमी यानें व मूत्राशयाच्या विकारानें दगावले. १९४४ सालीं इंग्लंडांतील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयांत डॉ. लुडविग गुटमान यांनीं रोग्यास दर दोन तासांनीं, अपरात्रींसुद्धां, कुशीवर वळविण्याचा नियम घातला. हें कसलें संशोधन, असें कोणास वाटेल; पण व्रण भरले, व रोगी खाट सोडून चाकांच्या खुर्चींत बसूं लागले. १९४८ सालीं लंडनांत ऑलिंपिक सामने सुरू झाले, त्याच दिवशीं या रुग्णालयाच्या हिरवळीवर अशा १६ जणांनीं खुर्चींतूनच बाण सोडले.