टाळ्या पडल्या त्या तासाविषयी

सामाजिक शास्त्रांचा तास रंगवायचा कसा, असं नव्याने रुजू झालेले शिक्षक विचारतात, तेव्हा मी त्यांना माझा सगळ्यांत रंगलेला तास आधी सांगतो. तसा तास त्यांनी घेऊ नये म्हणून.

सात-आठ वर्षं झाली. वर्ग आठवीचा. हैदराबाद मुक्तिसंग्राम पाठ्यपुस्तकात थोडक्यात उरकतो, पण आमच्या धाराशिव जिल्ह्याचा तो घरचा इतिहास. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने त्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. स्वामी रामानंद तीर्थ आमच्याच हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते. इतकं सगळं हाताशी असून मी वर्षानुवर्षं प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देत आलो होतो. मुलं मान खाली घालून उतरवून घ्यायची. त्या वर्षी ठरवलं, आता फळा पुरे. मी एक नाटुकलं लिहिलं. स्वामीजी, सत्याग्रही, गावकरी आणि निजामाच्या बाजूने लढणारा रझाकार.

रझाकाराचं काम मी एका मुसलमान मुलाला दिलं. त्याचा आवाज खणखणीत होता, उर्दू शब्द स्वच्छ यायचे. निवडीचं कारण एवढंच, असं मी स्वतःला सांगितलं. वर्गात आणखी दोन मुलांचे आवाज तितकेच चांगले होते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तास जबरदस्त झाला. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत गोळा झाली. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरची, कधी न बोलणारी पोरं घोषणा देत होती. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनानंतर सगळ्या शाळेसमोर प्रयोग पुन्हा झाला. मी फार खूश होतो.

त्यानंतर पाण्याच्या टाकीजवळ, एसटीच्या थांब्यावर पोरं त्याला ‘रझाकार’ म्हणू लागली. मला ऐकू आलं होतं. चार दिवसांत विसरतील, म्हणून मी सोडून दिलं. मुलगा यायचा बंद झाला. सहाव्या दिवशी त्याच्या घरी गेलो. दादी ओट्यावर बसली होती. चहा होईपर्यंत काही बोलली नाही. मग सांगितलं, ती पाच-सहा वर्षांची असताना फौज आली, ‘पोलीस ॲक्शन’ झालं. त्यानंतरच्या दिवसांत तिच्या वडलांना घरातून नेलं, ते परत आले नाहीत. ती आणि तिची आई शेजारच्या लिंगायत घरातल्या बळदात आठ दिवस लपून होत्या. शेवटी म्हणाली, “गुरुजी, खेळातलं तरी दुसरं काम द्यायचं लेकराला.”

मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही.

घरी येऊन मी वाचायला बसलो, ते आधी करायला हवं होतं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात. रझाकारांनी केलेली लूट आणि खून खरे आहेत. जीव मुठीत धरून बार्शी-सोलापूरकडे गेलेल्या कुटुंबांची पतवंडं माझ्या वर्गात बसतात. त्याच वेळी, रझाकारांवर टीका करून भारतात विलीन व्हावं असं लिहिणारा हैदराबादचा संपादक शोएबुल्ला खान हाही मुसलमान, आणि २२ ऑगस्ट १९४८ला रझाकारांनीच त्याला मारलं. फौजा आल्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे बेतलं, त्याची पाहणी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचं, म्हणजे आपल्या आजच्या धाराशिवचं, नाव घेतलं आहे. यातलं काहीही माझ्या नाटुकल्यात नव्हतं. दादीचे वडीलही नव्हते आणि शोएबुल्लाही नव्हता.

म्हणून माझं पहिलं सांगणं: जवळच्या इतिहासात मुलांना शत्रूची भूमिका देऊ नका. दूरच्या इतिहासात चालतं. कोणी रोमन व्यापारी झाला, तर त्याला घरी जाताना कोणी चिडवत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या तेरला हे फार छान जमतं. तेर म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय, आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं. मुलांना विचारा, बैलगाडी दिवसाला किती चालेल? वाटेत घाट कुठे, पाणी कुठे? इतिहास-भूगोल दोन्ही तास त्यातच जातात. मग तेरच्या लामतुरे संग्रहालयात न्या आणि प्रत्येकाला एकाच वस्तूपुढे पंधरा मिनिटं उभं करा. दोन बस भरून मुलं नेऊन सगळं दाखवायचं मी नळदुर्गला करून पाहिलंय. पाणीमहालात फोटो निघाले, बाकी काही नाही.

दुसरं, घरच्या माणसांना विचारायला पाठवायचं असेल तर आधी तुम्ही जा. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाबद्दल सास्तूर-लोहारा भागात ‘आजीला विचारून या’ असा गृहपाठ देणं फार सोपं आहे. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटेचे तीन छपन्न. त्या घरात कोण गेलं हे न कळता आपण तेरा वर्षांच्या पोराला वही घेऊन तिथे बसवतो. मी आता मरणाबद्दल विचारायला सांगतच नाही. मी सांगतो, जुन्या गावातून आजी पाण्याला कशी जायची ते तिच्याकडून काढून आणा. वाटेत कोणाची दारं लागायची, कुठे वळण, कुठे पार. मग शेजारी पुनर्वसित गावाचा नकाशा काढा: सरळ रस्ते, सारख्या ओळी. दोन्ही कागद भिंतीवर लागले की मुलं स्वतः विचारतात, शेजार कुठे गेला? आजीला पुढचं सांगायचं असेल तर ती सांगते. नसेल तर नकाशा पुरेसा असतो. आणि एखाद्या मुलाने कोरा कागद आणला, तर कारण विचारू नका, गुणही कापू नका. अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण आपल्याच हातात असतात.

आणि चिडवणं कानावर आलं तर त्याच दिवशी थांबवा. मी सहा दिवस घालवले.

मी वर्गात सगळ्यांसमोर त्या मुलाची माफी मागितली. तो दोन आठवड्यांनी आला, मागे बसू लागला. पुढच्या वर्षी नववीत आम्ही १९४८च्या जिल्ह्याचा नकाशा केला. निजामाचा मुलूख एका रंगात, बार्शी-सोलापूर दुसऱ्या रंगात, आणि ज्याच्या त्याच्या घरातलं माणूस त्या काळात कुठून कुठे गेलं त्याची तुटक रेघ. कोणाची रेघ बार्शीपर्यंत, कोणाची थेट सोलापूर. तो मुलगा पट्टी घेऊन माझ्या टेबलाशी आला.

“सर, दादी शेजारच्याच घरात गेली. वीस पावलं. या नकाशावर ती रेघ निघतच नाही.”

आम्ही नवा कागद घेतला आणि त्यावर फक्त त्यांची गल्ली काढली.